निवडलेल्यांची खालची फळी

आमच्या अमडापूरच्या वाचनालयात तुम्ही कादंबरी परत करायला गेलात, तर वसंताभाऊ पुस्तक हातात घेण्याआधी एक प्रश्न विचारतात. "हिरो कसा हाये? निवडलेला, का साधा?"

नवीन माणूस गोंधळतो. मग वसंताभाऊ चष्मा कपाळावर चढवून समजावून सांगतात. ज्याच्या अंगावर जन्मतःच खूण असते, ज्याच्याबद्दल कुणा साधूनं आधीच सांगून ठेवलेलं असतं, जो गरिबाच्या घरी वाढतो पण शेवटी राजाचा मुलगा निघतो, तो निवडलेला. बाकी सगळे साधे. उत्तर 'निवडलेला' असं आलं, की ते पुस्तक सगळ्यात खालच्या फळीवर जातं. तिथं उकिडवं बसल्याशिवाय हात पोचत नाही. साध्यांची जागा मात्र डोळ्यांसमोर. लेखक कोण, विषय कोणता, क्रमांक काय, हे वसंताभाऊंच्या लेखी दुय्यम.

माझं औषधाचं दुकान वाचनालयाच्या अगदी समोर. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी तिथं जाऊन बसतो, त्यामुळे हे सगळं मी जवळून पाहिलेलं आहे. एकदा वरून तपासणीला एक साहेब आले. त्यांनी कपाटं पाहिली आणि पुस्तकं कोणत्या पद्धतीनं लावली आहेत असं विचारलं. वसंताभाऊ म्हणाले, "माह्या." साहेबांनी सगळी पुस्तकं पुन्हा नीट लावायला सांगितली. वसंताभाऊंनी ती लावली, आणि साहेबांची गाडी चिखलीच्या रस्त्याला लागली तशी परत होती तिथं ठेवली.

निवडलेल्या हिरोबद्दल त्यांची तक्रार साधी होती. त्यानं केलं काय? "खूण त्याच्या मायनं देल्ली, तलवार गुरूनं देल्ली, अन् नाव याचं," असं ते म्हणायचे. राजपुत्र घोड्यावर बसून सात डोंगर ओलांडून गेला असं लिहिलेलं असलं, की त्या घोड्याला चारा कुणी घातला हे त्यांना हवं असायचं. ते पुस्तकात नसलं, की लेखकावर राग. कॉलेजातल्या एका मुलीनं एकदा त्यांच्याशी वाद घातला. अशा गोष्टी वाचताना आपणही कुणीतरी खास आहोत असं वाटतं, म्हणून त्या बऱ्या वाटतात, असं तिचं म्हणणं. वसंताभाऊंनी तिचं पुस्तक खालच्या फळीवर सरकवलं. मग म्हणाले, "तसं वाटते, बाई. तेच तर वाईट हाये."

घरीही हेच. वहिनी सांगायच्या, की मालिकेतली एखादी कष्टाळू पोरगी शेवटी श्रीमंताची हरवलेली लेक निघाली, की हे उठून टीव्ही बंद करतात. भाकरी थापत होती तेव्हाच ती चांगली होती म्हणतात, आणि अंगणात जाऊन उभे राहतात.

आम्ही हसायचो. गावात प्रत्येकाला काहीतरी खूळ असतं, तसं हे त्यांचं. एक गोष्ट मात्र मला कधी खटकली नव्हती, कारण लहानपणापासून कानाला तीच सवय. वाचनालयात कारकुनी करणाऱ्या या माणसाला त्याचा मोठा भाऊ 'साहेब' म्हणायचा. थट्टेनं नव्हे. अगदी मनापासून.

मोठे भाऊ म्हणजे किसनदादा. आयुष्यभर शेती केली. वसंताभाऊ लहान असताना यात्रेत कुणी एक जोतिषी आला होता. त्यानं त्यांचा हात पाहून, हे पोरगं मोठा साहेब होणार, असं सांगितलं. त्या दिवसापासून घराचं सगळं गणितच बदललं. दूध वसंताला, ताक किसनाला. नवी वही वसंताला. किसनदादा शाळेत हुशार होते, हिशेब तोंडी करायचे, असं माझे वडील सांगत. पण एका घरातून दोघांना शिकवणं जमणार नव्हतं, आणि कुणाला शिकवायचं ते तर ठरलेलंच होतं. किसनदादा शाळा सोडून बापाबरोबर वखरामागं गेले. वसंताभाऊ आधी अकोल्याला आणि मग पुण्याला गेले. परीक्षा देत राहिले. दर वेळी थोडक्यात राहायचं. वय निघून गेलं तेव्हा ते परत आले. वाचनालयाची जागा किसनदादांनीच कुणाला तरी भेटून, हातापाया पडून मिळवून दिली.

हे सगळं वसंताभाऊंनी मला तुकड्यातुकड्यांत सांगितलं, तेही किसनदादा अंथरुणाला खिळल्यावर. त्यांची एक बाजू गेली होती. मी औषधं घेऊन जायचो. वाटेत वसंताभाऊ बोलायचे. म्हणाले, दादा कधी एका शब्दानं बोलला असता तर बरं झालं असतं. पण तो अजून वाटच पाहून राह्यला. त्या जोतिष्यानं वय कुठं सांगितलं होतं, असं म्हणते. माह्या डोक्याचे केस गेले, तरी हा म्हणते साहेबाचा टाइम अजून आला नाई.

"मले त्याले एकदा सांगाचं हाये," ते म्हणाले. "का बा, जोतिष्यानं हात चुकीचा पाह्यला. खरा माणूस तू होता."

"मग सांगा की," मी म्हणालो.

"तोंडानं निघत नाई ना."

त्यावर त्यांनी एक युक्ती काढली. दादांना गोष्टी ऐकायला आवडायच्या. वसंताभाऊंनी दोन भावांची एक गोष्ट रचली आणि पुस्तकातली म्हणून रोज दुपारी थोडी थोडी सांगायला घेतली. हिरो अर्थातच थोरला. तो विहीर खणतो, बहिणीचं लग्न करतो, पुरात वाहून जाणारी जनावरं बाहेर काढतो. धाकटा गोष्टीत जवळजवळ नाहीच. तो परगावी कुठंतरी शिकतो आहे, एवढंच.

किसनदादा गेले त्याला आता वर्ष होईल. त्यांच्या शेवटच्या आठवड्यातली एक दुपार मला आठवते. मी औषधांची पिशवी कोनाड्यात ठेवली आणि वसंताभाऊ थांबा म्हणाले म्हणून खुर्चीवर बसलो. ते खाटेच्या पायथ्याशी बसून डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे दादांच्या पायांना तेल चोळत होते. गोष्ट शेवटाला आली होती. गावातल्या लोकांनी थोरल्याचा सत्कार ठरवला होता, मांडव घातला होता, आणि आता सरपंच उठून बोलणार होते. मला कळलं, की आज हे सांगून टाकणार.

दादांनी त्यांना मध्येच थांबवलं. त्यांची जीभ जड झाली होती, शब्द हळूहळू यायचे.

"त्या लहान्याचं काय झालं? मोठा झाला का तो?"

वसंताभाऊंचे हात थांबले. माझ्याकडे त्यांनी एकदा पाहिलं. बाहेर कुणाची तरी मोटारसायकल गेली. दादा डोळे मोठे करून वाट पाहत होते, अगदी लहान मुलासारखे.

"झाला," वसंताभाऊ म्हणाले.

"साहेब झाला?"

"हाव. मोठा साहेब झाला. कलेक्टर."

दादांच्या चेहऱ्याची चांगली असलेली बाजू हसली. आता त्यांना सगळं ऐकायचं होतं. गाडी कशी, शिपाई किती, गावात आला तेव्हा काय झालं. वसंताभाऊंनी सगळं दिलं. गाडी दिली, बंगला दिला. गावाला पक्का रस्ता दिला. सत्काराच्या मांडवात साहेबाला आणून बसवलं. आयुष्यभर ज्या माणसानं असल्या हिरोंना तळाशी टाकलं, तो जन्मखुणेसकट सगळं सढळ हातानं देत होता, आणि त्यांचा आवाज जरासुद्धा हलला नाही. मला वाटलं, राहिलंच ते सांगायचं. आता राहिलंच.

पण शेवटी त्यांनी एकदा प्रयत्न केला.

"मंग तो कलेक्टर उठला," ते म्हणाले, "अन् सगळ्या गावासमोर थोरल्या भावाच्या पाया पडला."

दादांना ते पटलं नाही. त्यांनी मान हलवली.

"साहेबानं असं पाया पडाचं नसते," ते म्हणाले. "लोक पाहून राह्यले."

वसंताभाऊंनी मान डोलावली.

"बरं," ते म्हणाले. "नाई पडला."

दादांनी समाधानानं डोळे मिटले. वसंताभाऊंचे दोन्ही हात त्यांच्या पायांवरच होते.