चार दहाची उचकी

राजमणी येलदीला रोज दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी लागणारी उचकी परदेशातून येत असावी, असं दिसू लागलं तेव्हा तिला नमुना क्रमांक सात भरावा लागला.

देशातल्या उचकीला फॉर्म लागत नाही. ती घरच्या घरी मिटते. उचकी लागली की आठवतील ती नावं घेत जायचं, ज्या नावाला थांबेल त्यानं आठवण काढली असं समजायचं आणि घोटभर पाणी पिऊन कामाला लागायचं. सोलापुरात पिढ्यान्‌पिढ्या हे असंच चाललं होतं. पण इथले टॉवेल आणि चादरी जहाजांतून लांब लांब जाऊ लागल्या, तशा लोकांना वेगळ्याच उचक्या लागू लागल्या. अख्ख्या गणगोताची नावं घेतली तरी त्या थांबेनात. शेवटी नवी पेठेत, वह्यापुस्तकांच्या एका दुकानाच्या वर, उचकी कार्यालय उघडलं. तिथं म्हेत्रे नावाचे एकच साहेब होते, एक पंखा होता आणि जगाचा एक मोठा नकाशा होता.

राजमणी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कडा शिवायची. एकोणीस वर्षं एकच मशीन, एकच खुर्ची. टॉवेलची कड दुमडायची, मशिनीखाली सरकवायची आणि सरळ रेघ मारायची, एवढंच काम; पण तिची रेघ अशी जायची की नव्या बायकांना दाखवायला सुपरवायझर तिचाच टॉवेल उचलून न्यायचा. त्याचा तिला अभिमान होता, आणि तो लपवण्याच्या भानगडीत ती कधी पडली नाही. ती एक्स्पोर्टच्या टेबलावर बसत होती. कारखान्यात दुसरंही एक टेबल होतं, मागच्या बाजूला, संडासाजवळ. तिथं नापास मालाचे फरशी पुसायचे पोछे कापत.

उचकी सुरू झाली आणि रोज चार दहाला एक तरी टॉवेल वाकडा जाऊ लागला.

"अक्का, हे काय ओ?" हत्तुरे सुपरवायझर टॉवेल उजेडात धरून म्हणाला. "साप चालल्यागत रेघ मारलीस बग."

"उचकी लागती, साहेब. त्याच टायमाला लागती."

"मग नाव घे की कुणाचं तरी!"

नावं घेऊन झाली होती. शेजारच्या मशिनीवरची शहनाज नदाफ तर रोज चार वाजल्यापासूनच नावं काढून तयार असायची. राजमणीची आई, बहीण, कामारेड्डीच्या दोन मावश्या, भिवंडीचा दीर, जुन्या शेजारणी, शाळेतल्या बाई. एकदा तिनं खुद्द हत्तुरेचंही नाव घेऊन पाहिलं. उचकी थांबली नाही, म्हणून दोघींनाही बरं वाटलं. उचकी आपली वीस मिनिटं चालायची आणि मग स्वतःच्या मर्जीनं जायची.

घरी वेगळाच त्रास. नवरा अंबादास पॉवरलूमवर होता. स्वभावानं गरीब, पण ऐकायला आलेली गोष्ट त्याच्या डोक्यातून लवकर जात नसे. गुरुवारी कारखान्याला सुट्टी. त्या दिवशी त्यानं स्वतःच्या कानांनी चार दहाची उचकी ऐकली. मोठ्या मनानं त्यानं आपल्याकडच्या सगळ्या बायकांची नावं घेतली. मग सगळ्या पुरुषांची. मग आमटीत मीठ कमी आहे म्हणाला. आमटीत मीठ बरोबर होतं.

"रोज एकाच टायमाला आठवण काढणारा कोण गं तुझा?" त्यानं दोन दिवसांनी विचारलं.

"मला ठावं असतं तर मी उचकत बसले असते काय?" राजमणी म्हणाली. उत्तर बिनतोड होतं, पण अंबादासला ते लागायचं तिथं लागलं. तो ताट उचलून आत गेला.

हत्तुरेनं तिला दिवाळीपर्यंतची मुदत दिली. तोवर उचकी बंद झाली नाही तर ती पोछ्याच्या टेबलावर जाणार. हे सांगताना तो तिच्याकडे न बघता मशिनीच्या मोटरकडे बघत होता. राजमणी त्याच गुरुवारी नवी पेठेतला जिना चढली.

म्हेत्रे साहेबांनी नमुना सात पुढं ठेवला. उचकीची वेळ, कालावधी, जोर, सुरुवातीचा दिनांक, घेऊन झालेली नावं, जोडपत्र आवश्यक. शहनाजच्या मदतीनं जोडपत्र चार पानी झालं होतं. साहेबांनी ते पूर्ण वाचलं.

"तुमचा माल कुठं कुठं जातो?"

"ते नाही सांगता येणार, साहेब. खोक्यात जातो."

"हरकत नाही. तपास होईल."

तपास तीन आठवडे चालला. मग तिला बोलावणं आलं आणि म्हेत्रे साहेबांनी कागद वाचून दाखवला. फिनलंड नावाच्या देशात, एका तळ्याकाठच्या गावात, तोइवो नावाचे गृहस्थ राहतात. वय एकाहत्तर. पूर्वी तळ्यात प्रवाशांची बोट चालवत. घरात एकटेच. रोज जेवण झाल्यावर, तिथल्या घड्याळात एक वाजून चाळीस मिनिटांनी, ते गावच्या पोहण्याच्या तलावात पोहून बाहेर येतात आणि टॉवेलनं तोंड पुसतात. त्या टॉवेलच्या एका कोपऱ्यात सात टाके तिरपे आहेत. पुसता पुसता त्यांचा अंगठा त्या टाक्यांवर येतो, आणि हे कुणाच्या हातून झालं असेल, त्या वेळी त्या माणसाला काय झालं असेल, असा विचार ते करतात. वीस मिनिटं करतात. मग कपडे घालून घरी जातात.

राजमणीनं अंगठ्यानं टेबलाची कड चाचपली. तिला ते सात टाके आठवत होते. वर्षभरापूर्वी एक साधी उचकी लागली होती. आईचं नाव घेतल्याबरोबर थांबली. पण तेवढ्यात सात टाके तिरपे गेले होते. टॉवेल बाजूला काढायचा तर घाईत तो ढिगात गेला, आणि चेकिंगला हत्तुरेनंच तो पास केला. एकोणीस वर्षांत लाखो टॉवेल सरळ गेले. त्यांच्यावरून कुणी एकदाही आठवण काढली नव्हती.

"म्हणजे आता वाकडे चाललेले टॉवेलपण कुठं पोचले तर?" तिनं घाबरून विचारलं.

"ते पोछ्यात जातात ना? पोछ्यावरून कुणी विचार करत नाही," म्हेत्रे म्हणाले. "आता असं आहे. तुम्हाला नाव कळलं. रोज नाव घ्या, उचकी लगेच थांबेल. ही तात्पुरती सोय. कायमची बंद करायची असेल तर नमुना नऊ. त्यावर सही केली की ती आठवण पुन्हा तुमच्यापर्यंत येणार नाही. तुमचं नावही नियमाप्रमाणे तिकडच्या पक्षाला कळवलेलं आहे."

"माझं नाव कळवा म्हणून कोण म्हणलं?"

"नियम आहे. तुम्ही त्यांची आठवण काढली तर उचकी त्यांना लागणार. त्यांच्याकडे ही पद्धत नवी, कार्यालयानं समजावलं तरी नाव घ्यायचं सुचेलच असं नाही. ते डॉक्टरकडे जात बसतील." साहेबांनी नकाशाकडे पाहिलं. "एक सांगू का? आपल्या सोलापूरला बाहेरून महिन्याला दोन-तीनशे उचक्या येतात. इथून बाहेर जात नाहीत. फोन तिकडचे, छत्र्या तिकडच्या, मुलांची खेळणी तिकडची. पण कुणी बनवली असतील, असं आपल्याकडे कुणाच्या मनातच येत नाही. वरून दरवेळी विचारणा होते. मी काय लिहू?"

राजमणीनं नमुना नऊ घडी करून पर्समध्ये ठेवला.

घरी तिनं अंबादासला सगळं सांगितलं. त्यानं माणसाचं वय दोनदा विचारून घेतलं. मग आमटी चांगली झालीय म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून ती चार नऊला मशीन थांबवू लागली. दहाला उचकी यायची, ती "तोइवो" म्हणायची, उचकी थांबायची. शहनाजही म्हणायची. हळूहळू अख्खी ओळ म्हणू लागली. मग ती पाणी पिऊन मशीन सुरू करायची. वाकडा टॉवेल बंद झाला. पण दोन मिनिटं जात होती, आणि ओळीतल्या चौदा बायकांची दोन-दोन मिनिटं जात होती.

"हे चालणार नाही, अक्का," हत्तुरे म्हणाला. "तो नऊ नंबरचा कागद सही करून दे. माझ्यावरपण साहेब आहेत की."

"देते," राजमणी म्हणाली. तिचं एकोणीस वर्षांचं टेबल होतं. तिनं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सकाळी, डबा भरायच्या आधी, ओट्यावरच सही केली. कार्यालय रविवारीही सातपर्यंत उघडं असे. सुटल्यावर कागद देऊन घरी यायचं, असं तिनं ठरवलं. आज शेवटचं नाव घ्यायचं.

त्या रविवारी चार नऊला तिनं मशीन थांबवलं. चार दहा झाले. उचकी आली नाही.

"घड्याळ पुढं असंल," शहनाज म्हणाली.

चार पंधरा झाले. ओळीतली सगळी मशिनं थांबली होती. हत्तुरे आला, त्यानं मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि त्याचा चेहरा खुलला. "बंद झाली? बरं झालं की मग. चला, चला, सुरू करा."

राजमणीनं टॉवेल घेतला, कड दुमडली, पाय दाबला. उचकी नव्हती, हात मोकळे होते, आणि रेघ वाकडी गेली. तिनं दुसरा घेतला. तोही वाकडा. एकाहत्तर वय, थंडीचे दिवस, घरात एकटा माणूस, आणि पोहायला तलाव. तिनं तिसरा टॉवेल घेतलाच नाही. एवढं वाईट तिला आई आजारी होती तेव्हा वाटलं होतं.

हत्तुरेनं वाकडे टॉवेल पाहिले. मग तिच्याकडे पाहिलं. मग तो ऑफिसात गेला आणि त्यानं म्हेत्रे साहेबांना फोन लावला.

"साहेब म्हणतेत, खंडित उचकीसाठी चोवीस तास थांबावं लागतं," तो परत येऊन म्हणाला. "लगेच चौकशी करता येत नाही म्हणे."

"चोवीस तास?" शहनाज म्हणाली. "अन् तिकडं तो माणूस?"

हत्तुरे स्टूल ओढून ओळीच्या टोकाला बसला. पाच वाजले. कुणी मशीन सुरू केलं नाही, आणि करा असं त्यानंही म्हटलं नाही. राजमणी हात मांडीवर ठेवून, न पाहिलेल्या त्या माणसाचा विचार करत बसली होती.

पाच वाजून दहा मिनिटांनी तिला उचकी लागली.

चौदा बायका एकदम ओरडल्या. हत्तुरे स्टुलावरून उठला. "घे, घे, नाव घे!" तो म्हणाला. राजमणीनं मान हलवली. तिला दुसरी उचकी लागली, तिसरी लागली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ती हसत होती, आणि तिनं नाव घेतलं नाही. वीस मिनिटं ती उचकत बसली. कारखाना सुटायची घंटा झाली तेव्हा उचकी आपली आपण गेली.

सोमवारी उचकी कार्यालयाचं परिपत्रक कारखान्यात आलं. तिकडच्या देशांत हिवाळ्यासाठी घड्याळं एक तास मागं करतात. त्यामुळं युरोपातून येणाऱ्या उचक्या मार्चअखेरपर्यंत एक तास उशिरा येतील, संबंधितांनी नोंद घ्यावी. हत्तुरेनं ते वाचलं आणि बराच वेळ डोकं खाजवलं. उचकी आली की दोन मिनिटं जातात, आणि नाही आली की अख्खी ओळ तासभर बसून राहते, हे त्यानं रविवारी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यानं फळ्यावर खडूनं लिहिलं: चहाची वेळ, उन्हाळी चार दहा, हिवाळी पाच दहा. राजमणीनं आपल्या टेबलावर बसून सबंध दिवस सरळ रेघा मारल्या. शहनाजनं त्या दिवशी आपल्या छत्रीचं बटण पहिल्यांदाच नीट पाहिलं आणि हे कुणी बसवलं असेल, असं ती मोठ्यानं म्हणाली. म्हेत्रे साहेबांना वर लिहायला काहीतरी मिळालं.

गुरुवारी राजमणी नमुना नऊ परत द्यायला गेली. अंबादास बरोबर आला. म्हेत्रे साहेबांनी कागद आडवा फाडला, नियमाप्रमाणे दोन्ही तुकड्यांवर शिक्का मारला आणि दुसरा एक कागद काढला.

"तिकडच्या कार्यालयाचं पत्र आलंय. रविवारी त्या गृहस्थांना त्यांच्या बारा चाळीसपासून एक चाळीसपर्यंत सलग उचकी लागली होती. एक तास. धड जेवताही आलं नाही."

राजमणीनं तोंडावर हात ठेवला. "मीच काढत बसले होते ओ आठवण. लई त्रास झाला असंल त्यांना. त्यांना माझं नाव कळवलं नव्हतं काय?"

"कळवलं होतं. इथं शेरा आहे." साहेबांनी चष्मा सारखा केला आणि वाचलं. "'संबंधित इसमास नाव ठाऊक होते. घेतले नाही.'"

राजमणीनं ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. साहेबांनी वाचलं. पंखा फिरत होता. अंबादासनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि तो उठला.

"पाच वाजले. चल, रस्त्यात लागायला नको. हॉटेलात बसू."

ते खाली उतरून कोपऱ्यावरच्या हॉटेलात बसले. अंबादासनं दोन चहा सांगितले आणि पाण्याचा ग्लास भरून तिच्यापुढं सरकवला. पाच दहाला चहा आला आणि उचकीही आली.

"घे की नाव," अंबादास म्हणाला.

"घेते," राजमणी म्हणाली. "काय घाई आहे?"