बासरीआधीचा श्वास

कानमास्तरांनी डोळ्यांवर मफलर बांधून दहा वेळा ओळखायचं, वाजतंय ते सीडीवरचं की फोनवरचं. आठ उत्तरं बरोबर आली, तर दिवाणखान्यातलं भिंतीएवढं कपाट सीड्यांचंच राहील. नाही आली, तर सहाशे बारा सीड्या बाहेर आणि बायकोच्या शिवणक्लासचं कापड आत. रविवारी सकाळी चहा पिता पिता हे ठरलं. निकाल जेवणाच्या आत लागायला हवा होता, कारण सोमवारपासून सहा मुली शिवण शिकायला येणार होत्या आणि कापडाचे गठ्ठे जेवणाच्या टेबलावर ठाण मांडून बसले होते.

कानमास्तर हे काही खरे मास्तर नव्हते. इस्पितळात लोकांचे कान तपासायच्या खोलीत ते अठ्ठावीस वर्षं काम करत होते. काचेपलीकडे माणूस बसवायचा, त्याच्या कानात बारीक आवाज सोडायचा, ऐकू आला की त्याने खटका दाबायचा. काही बहाद्दर काहीच वाजलेलं नसताना खटका दाबत. मास्तर त्यांना 'न वाजलेलं ऐकणारे' म्हणत आणि घरी जेवताना त्यांच्या नकला करून दाखवत.

अशा माणसाला स्वतःच्या कानांची घमेंड नसली तरच नवल. बावीस वर्षं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच गोष्ट ऐकवत आले होते. सीडीवर बासरी सुरू व्हायच्या आधी वादकाचा श्वास ऐकू येतो. पुढे इस्पितळात सुट्टीच्या वेळी फोनवर ऐकायला लागल्यावर त्यात भर पडली, की फोनवर तो कापला जातो. व्हायोलिनच्या सीडीवरही तो श्वास असतो, असं त्यांचं म्हणणं होतं. "व्हायोलिनला कशाला लागतो श्वास?" असं कोणी विचारलंच, तर ते शांतपणे सांगत, "वाजवणाऱ्याला लागतो."

"बाबा, आता फोनवर सीडीइतकंच चांगलं येतं," लेक म्हणाली. यंत्रं हाताळायचं काम तिच्याकडे होतं.

"मग श्वास का येत नाही?"

"मला तर सीडीवरही येत नाही!"

"तुझे कान मी एकदा तपासणारच आहे."

पंच म्हणून शेजारचे ड्रायव्हरकाका आले. बस चालवून निवृत्त झालेले काका कानात यंत्र घालत. ते यंत्र मास्तरांनीच बसवलेलं होतं. "पंचाला कमी ऐकू आलेलं बरं," असं म्हणत त्यांनी वही-पेन्सिल मागून घेतली. मास्तरांच्या हातात सायकलची जुनी घंटी दिली. एकदा वाजवली तर सीडी, दोनदा वाजवली तर फोन.

सुरुवातीलाच अडलं. सीडीचा ट्रे खर्रकन आत जातो, तो आवाज ऐकून कोणीही ओळखेल, अशी बायकोने हरकत घेतली. मग असं ठरलं की तीच बासरी दर खेपेला दोन्हींवर एकदमच सुरू करायची. बाहेर कुठली ऐकू येणार, ते अ‍ॅम्प्लिफायरचं गोल बटण ठरवेल. डावीकडे फिरवलं की सीडी, उजवीकडे फोन. बावीस वर्षांत त्या बटणाला कोणी हात लावला नव्हता. मास्तरांना घरी सीडीशिवाय दुसरं काही ऐकायचंच नव्हतं ना!

"आणि एकीचा आवाज मोठा असला तर?" बायकोने विचारलं.

मास्तर याचीच वाट बघत होते. त्यांनी पिशवीतून आवाज मोजायचं यंत्र काढलं. लेकीने बटण डावीकडे करून मोजलं, मग उजवीकडे करून मोजलं. दोन्ही आकडे हुबेहूब सारखे, दशांशापर्यंत.

"पहिल्याच फटक्यात!" मास्तर म्हणाले. "याला म्हणतात शास्त्र."

मफलर बांधला गेला. बायको उजव्या स्पीकरशेजारच्या तिच्या नेहमीच्या खुर्चीत शेंगा सोलत बसली. तिथून तिला बटण स्वच्छ दिसत होतं. ड्रायव्हरकाका म्हणाले, "हं, सोडा गाडी."

बासरी वाजली. टिंग.

पुन्हा वाजली. टिंग. मग टिंगटिंग. मग टिंग. मास्तर क्षणभरही अडखळत नव्हते. सहाव्या खेपेला तर बासरी सुरू व्हायच्या आधीच घंटी वाजली.

"अहो, ऐका तरी!" बायको म्हणाली.

"ऐकलं. श्वास आला. वादक उजवीकडे बसलाय, तेही सांगतो."

दहा झाले. लेकीची यादी आणि काकांची वही शेजारी शेजारी ठेवली. काकांनी दोनदा ताडून पाहिलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा पाहिलं.

"दहापैकी दहा," ते म्हणाले. "वहिनी, कपाट गेलं."

बायको चहा टाकायला आत गेली. मास्तरांनी मफलर सोडून खांद्यावर शालीसारखा घेतला. लेक तोंड वासून बघतच राहिली. मग तिने सीडी काढून ठेवायला ट्रे उघडला आणि बासरी बंद पडली.

"बाबा, बटण फोनवर आहे. फोन चालू आहे. मग आवाज का गेला?"

तिने बटण डावीकडे फिरवलं. शांतता. उजवीकडे फिरवलं. शांतता. जरा जोर लावला, तर बटण उपटून तिच्या हातातच आलं. आतली दांडी जागच्या जागी, सीडीकडे तोंड करून उभी होती. वरची टोपी कधीकाळी सैल झाली होती आणि दांडीभोवती नुसतीच गोल गोल फिरत होती.

म्हणजे दहाही वेळा सीडीच वाजली होती. आकडे सारखे का आले, तेही आता कळलं.

"मग फोनची उत्तरं बरोबर कशी आली?" लेकीने विचारलं.

मास्तर खाली बसले. आपण हरलो की जिंकलो, हेच त्यांना कळेना. दहाही उत्तरं बरोबर होती, पण प्रश्न दहाही वेळा एकच होता.

"मास्तर," ड्रायव्हरकाका हळूच म्हणाले, "न वाजलेलं ऐकणारे म्हणता ते हेच का?"

"श्वास वाजला होता!" मास्तर चिडले. "लाव ती सीडी. लाव!"

लेकीने लावली. थेट बासरी सुरू झाली. श्वासबिस काही नाही.

"परत लाव."

परत तेच. मास्तरांनी सीडी बाहेर काढून फुंकली, सदऱ्याने पुसली, उजेडात धरून पाहिली. अर्ध्या तासापूर्वी असलेला श्वास गेला कुठे? दुसरी सीडी लावली, तिच्यावरही नाही. व्हायोलिनवरही नाही. त्यांच्या कपाळावर घाम आला. अठ्ठावीस वर्षं लोकांचे कान तपासले आणि आपलेच गेले की काय?

"शेवटचं," ते म्हणाले आणि पहिली सीडी स्वतः पुन्हा लावू लागले.

बायको चहाचा ट्रे घेऊन आली. नवरा चौथ्यांदा सीडी पुसतोय, शेंगा अर्ध्याच सोलून पडल्यात, टेबलावर कापड तसंच आहे, हे सगळं तिने पाहिलं. ट्रे ठेवून ती उजव्या स्पीकरशेजारच्या खुर्चीत टेकली. मास्तरांनी सीडी सुरू करायचं बटण दाबलं.

"आला!" मास्तर उडालेच. "आला की नाही श्वास? ऐकलात?"

 काकांनी कानातलं यंत्र जरा नीट बसवलं.

"आला," ते म्हणाले. "वहिनींचा होता."

"माझा?" बायको म्हणाली. "काहीतरीच! मी काय केलं?"

"आई, तू उसासा टाकलास," लेक म्हणाली. "बाबा सीडी लावायला लागले की तू टाकतेस. मघाशी बटण सीडीकडे गेलं की टाकत असणार."

"मग काय टाकणार? एकदा हे पुसत बसले की जेवायला दोन वाजतात!"

मास्तरांनी बासरी बंद केली. बावीस वर्षं दर रविवारी ते डोळे मिटून बायकोच्या उसाशाला 'वाहवा' म्हणत आले होते. इस्पितळात फोनवर ऐकताना तो श्वास का येत नव्हता, हेही आता स्पष्ट झालं. ती माहेरी गेली की त्यांना सीडी लावावीशीच वाटत नसे. स्वयंपाक करावा लागतो म्हणून असेल, असं ते आजवर समजत होते. त्यांना फार ओशाळल्यासारखं झालं. आणि तिच्याकडे बघताना थोडं भरूनही आलं, पण ते शेंगा सोलायला बसले आणि वेळ निभावून नेली.

संध्याकाळी त्यांनी आपणहून कपाट रिकामं केलं. बायको आणि लेक शिवणक्लाससाठी दोरे आणायला गेल्या होत्या. परतल्या तर कपाट मोकळं, फडकं मारलेलं, आणि अ‍ॅम्प्लिफायरचं बटणही दांडीला डिंकाने चिकटवलेलं.

"अहो, सगळ्या? कुठे ठेवल्यात?"

"त्यांची सोय केली," मास्तर म्हणाले.

बायकोला वाईट वाटलं. आठवडाभर तिने मास्तरांच्या आवडीच्याच भाज्या केल्या.

पुढच्या रविवारी मास्तरांनी फोन जोडला, बटण नीट उजवीकडे केलं आणि खुर्चीत बसले. बायको रंगांप्रमाणे लावून कापड कपाटात रचत होती, अगदी आनंदात. बासरी लागली. स्वच्छ होती, सुरेल होती. मास्तरांना मात्र घरात कोणी नसल्यासारखं वाटलं.

"कसं वाटतंय?" बायकोने विचारलं.

"बरं आहे," मास्तर म्हणाले. "परत एकदा लावून बघतो."

"बघा. मी तोवर ते जाड कापड दिवाणात टाकते, कपाटात मावत नाहीये."

ती उजव्या स्पीकरशेजारच्या दिवाणाकडे गेली. मास्तर तिला थांबवायला उठणार होते. तोंड उघडलंही होतं. पण बोट फोनवर पडून गेलं होतं आणि बासरी आता लागणारच होती. ते परत बसले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

बायकोने दिवाणाची फळी उचलली. आत सहाशे बारा सीड्या ओळीने, पाठ वर करून, शिस्तीत बसल्या होत्या.

तिने एक लांबलचक उसासा टाकला. लगेच बासरी सुरू झाली.

"वाहवा!" मास्तर डोळे न उघडताच म्हणाले. "फोनचा आवाज खूपच सुधारला हं!"