गुलाबकाकांची थंड पेटी

आमच्या शेजारच्या गुलाबकाकांकडे पाहुणा आला की त्याला पाण्याच्या आधी विजेचं मीटर दाखवलं जाई. बिचारा वर्ध्याच्या उन्हातून होरपळून आलेला असायचा. काका त्याला दंडाला धरून मीटरपुढे उभा करत. "चकती पाहा. फिरून राह्यली का?" पाहुणा घाम पुसत म्हणे, "नाही बुवा." "मंग! अन् पेटीत संत्रे थंडगार हायेत." एवढं झाल्यावर काकू पाणी आणत. तेही माठातलं. पेटी दिवसातून एकदाच उघडायची, असा घरचा कायदा होता.

ही पेटी म्हणजे वरून झाकण उघडायचा, आइस्क्रीमचा फ्रीझर. कारंज्याला हायवेवरच्या एका ढाबेवाल्याने आइस्क्रीमचा नाद सोडला आणि काकांनी ते धूड कांद्याच्या ट्रकमधून घरी आणलं. उतरवून घ्यायला अर्थात मी. मी शाळामास्तर, आणि काकांच्या भिंतीला भिंत लागून राहणारा. माझी सुटका कशी व्हावी?

काका सरकारी ओव्हरसिअर म्हणून निवृत्त झालेले. कारंज्याकडे संत्र्याचा बगिचा, तो भाऊ बघायचा. एकुलती एक मुलगी शालू भिलाईला दिलेली. ती माहेरी यायची मे महिन्यात, मुलांच्या शाळा सुटल्या की. आणि संत्री संपायची मार्चमध्ये. लग्न झाल्यापासून घरच्या झाडाचं संत्रं पोरीच्या तोंडात पडलं नव्हतं. मार्चची संत्री मेपर्यंत टिकवायची, एवढाच काकांना ध्यास.

"मग फ्रिज घ्या ना साधा," मी म्हटलं. काकांना माझी कीव आली.

"उभ्या फ्रिजचं दार उघडलं का सारी थंडी पायावरून बाहेर पयते, मास्तर. पेटीतली कुठी जाईन? बसली राह्यते आपली."

पहिल्या साली ती इतकी बसली की संत्र्यांचे दगड झाले. काकांनी एक ओट्यावर आपटून पाहिलं, तर ओट्याचीच कपची उडाली. फ्रीझरच तो, गोठवण्याखेरीज त्याला दुसरं काय येणार? मग पुढच्या साली काकांनी नागपूरच्या भंगारातून एका मोडक्या फ्रिजचा थर्मोस्टॅट शोधून आणला. पुरेसं गार झालं की मशीन आपोआप बंद, गोठायच्या आत. तो बसवताना काका कमरेपर्यंत पेटीत आणि बाहेर नुसते पाय. त्या दिवसांत मी त्यांच्या तोंडापेक्षा पायांशीच जास्त बोललो. "बॅटरी जरा वर धरा!" पाय ओरडायचे. "मास्तर, झोपले का?" झोपलोच होतो.

त्यानंतर वीज वाचवायचं खूळ. पेटीला पांघरूण घातलं तर थंडी टिकेल, म्हणून काकूंची माहेरची गोधडी चारी बाजूंनी गुंडाळून सुतळीने आवळली. पण मशीनची गरमी बाहेर पडायची ती बाजूच्या पत्र्यातूनच. मशीन धापा टाकायला लागलं आणि चकती थांबायचं नाव घेईना. काकू कडाडल्या, "मी हिवात कुडकुडली तवा कोनं इचारलं नाई, अन् या डब्याले माही गोधडी!" काकांनी सुतळी सोडली, पण झाकणावर गोधडीची घडी ठेवलीच. चकती पुन्हा गुमान उभी राहिली. मग लाईट गेली तरी काका बिनघोर असत. आम्ही आपले पंखे हलवत बसायचो.

खरं सांगतो, मी वैतागलो होतो. रोज संध्याकाळी भिंतीपलीकडून हाक, "मास्तर, या, झाकन उघडाची वेळ झाली." मी झाकण धरायचं आणि काकांनी एकेक संत्रं चाचपायचं. नासकी बाहेर. ढीग खाली खाली जात होता. एकदा काकूंनी दुधाचं पातेलं ठेवायला झाकण उचललं, तर "काऊन उघडलं?" म्हणून काका दिवसभर जेवले नाहीत. या माणसाला दुसरा उद्योग नाही का, असं मनात येई. शाळेत पोरं छळत आणि घरी संत्री.

मेमध्ये शालू आली. काकांनी तिला पिशवीही खाली ठेवू दिली नाही. सरळ पेटीशी नेलं, वाकले आणि संत्रं काढून तिच्या हातात दिलं. साल तुकतुकीत. तिने सोलून एक फोड तोंडात टाकली. काका श्वास रोखून तिच्या तोंडाकडे पाहत होते.

"गोड हाये, बाबा."

तिने सगळं संत्रं संपवलं आणि दुसरं मागून घेतलं. महिनाभर रोज खाल्लं. मुलांना मात्र हात लावू दिला नाही. परत जाताना उरलेली सगळी संत्री थैलीत भरून घेऊन गेली.

त्या संध्याकाळीही हाक आली. तळाच्या कोपऱ्यात एक संत्रं राहून गेलं होतं. काकांनी सोलून अर्धं मला दिलं. मी फोड चावली. निव्वळ चोथा. रस नाही, आंबट नाही, गोड नाही. काकाही चावत होते. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.

"तिले पयल्या दिवशीच समजलं असन," काका म्हणाले.

मी हातातली उरलेली फोडही तोंडात टाकली.

"गाडीत पाय ठेवाले जागा नोती, मास्तर. म्या म्हनलं, राहू दे थैली, ओझं कायले? तं म्हने, नाई बाबा, मांडीवर घेतो."