हात मागणारे मनवेलकाका

मनवेलकाका नमस्कार करत नाहीत, हात मागतात. "दे बघू," म्हणतात, आणि तीर्थ घ्यायला करावा तसा आपण तळवा पुढे करतो. रेषांशी त्यांना देणंघेणं नाही. बोटं चाचपायची, डोळे अर्धवट मिटायचे आणि सांगायचं, "हा गवंड्याचा हात." "हा सुताराचा." विषय संपला.

हे सगळं कुठे, तर आमच्या कॉलेजच्या ऑफिसात. काका हेडक्लार्क, मी शेजारच्या टेबलावर. अ‍ॅडमिशनच्या खिडकीत बसून पोरांना अ‍ॅडमिशनपासून पळवणारा हेडक्लार्क अख्ख्या वसईत दुसरा नसेल. प्रिन्सिपॉलसाहेबांनी एकदा झापायला केबिनमध्ये बोलावलं, तर काका त्यांचाच हात धरून म्हणाले, "सर, हा पाव भाजणाऱ्याचा हात. वाया गेला." साहेब भडकले खरे, पण दुपारभर आपल्याच बोटांकडे बघत बसले होते.

बरं, नुसतं काम सांगून थांबतील तर ते काका कसले. पुढे त्यांना दिसायला लागायचं. आगाशीच्या एका मुलाला म्हणाले, "तू वायरमन. तू लावलेल्या दिव्याखाली एक नवरी बसलीय. गजरा माळतेय. तिला तुझं नाव पन माहीत नाय." आवाज असा लागायचा, की रांगेतलं शेवटचं पोरही गप्प. तो मुलगा खिडकीवरूनच परत गेला.

रिटायर झाल्यावर काका वसईतल्या होळी भागात, आपल्या वाडीत एकटेच राहू लागले. मेरीकाकूंना जाऊन तेव्हाच बरीच वर्षं झाली होती.

आणि मग आमच्याच घरात ठिणगी पडली. माझी एकुलती एक सायली, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला, जेवता जेवता म्हणाली, "आई, मी कॉलेज सोडतेय. आयटीआयला फ्रिज-एसीचं शिकणार." माझा घास हातातच राहिला. चिपळूणहून येऊन आम्ही नवराबायकोने हाडाची काडं केली, ती काय पोरीने लोकांच्या खिडक्यांना लटकावं म्हणून? आठवडाभर घरात अबोला.

सायली लहानपणापासून काकांचं ऐकते. म्हणून मी आधी एकटीच जाऊन त्यांना गाठलं. "काका, तिचा हात बघा आणि सांगा, हा ऑफिसातला हात आहे. माझ्यासाठी एवढं खोटं बोला." काकांनी मान डोलावली.

रविवारी संध्याकाळी मी तिला काकांकडे घेऊन गेले. मोगऱ्याचा वास सुटला होता. केळीच्या पानांतून ऊन हिरवं होऊन ओट्यावर पडलं होतं. काकांनी तिचा हात घेतला, डोळे मिटले. आता बोलतील, मग बोलतील, पण बोलेचनात. मी खाकरले.

"बाय," डोळे न उघडता काका मला म्हणाले, "मला हातातलं काय कळत नाय. कधीच कळलं नाय. पोरांना काय पायजे ते त्यांच्या तोंडावर दिसायचं. तेच सांगायचो."

"मग हात कशाला धरायचात?" माझा आवाज चढला.

"मेरी गेली, मग माझा हात कोन धरनार? मागितला की लोक देतात."

मला भडभडून आलं.

काकांनी सायलीला विचारलं, "तूच सांग पोरी, तुला काय दिसतंय?"

आणि ती सांगायला लागली. नालासोपाऱ्यातली शेवटच्या मजल्यावरची तापलेली खोली. रडून रडून लाल झालेलं बाळ. तिने बसवलेलं मशीन हळूच घुं करतं, पडदा हलतो, बाळाची मूठ सैल होते. बाळाची आई भिंतीला टेकून तिथेच झोपते. एवढं बोलताना मी तिला वर्षभरात ऐकलं नव्हतं. फार सुंदर दिसत होती माझी पोर.

"कधी जायचंय आयटीआयला?" मीच विचारलं.

"उद्या. तू येशील?"

"येते."

अंधारून आलं, तरी तिने काकांच्या हातातला हात काढून घेतला नाही. त्यांचा दुसरा हात मांडीवर रिकामाच पडला होता. तो मी धरला.