कंडम न झालेली डबी

डॉ. मेश्रामांना त्यांच्याच प्रयोगशाळेने फसवले. ते रजेवर असताना त्यांचा चालू प्रयोग ‘कंडम’ ठरवून लिलावात काढला. ऐकीव सांगत नाही. तो माल मीच घेतला.

दिल्लीत करोल बागेत माझे गलाईचे दुकान आहे. सोन्याचांदीचे भंगार वितळवून शुद्ध करायचे काम. खानापूर तालुक्यातून पत्र्याची पेटी घेऊन आलो आणि भाव पाडत पाडत नोएडाच्या नव्या सोसायटीत फ्लॅट घेतला. शेजारी हे मेश्राम. त्यांची बायको मंदा नागपूरला, कारण तिला दिल्लीची थंडी सोसत नव्हती.

माणूस कशावरच चटकन विश्वास ठेवायचा नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरीने विचारले, “किसी को ऐतराज नहीं? बिल्कुल ज़ीरो?” मेश्राम उठले. “ज़ीरो? इतनी जल्दी? पहले तार चेक करो. दो तार चिपक गए तो भी मीटर ज़ीरो दिखाता है.” सेक्रेटरीने ते खरेच मानून दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियन बोलावला.

कुकरच्या शिट्ट्या मोजणाऱ्या माझ्या बायकोला ते म्हणायचे, “वहिनी, शिट्टी आवाज सांगते, दाब नाही!”

त्यांचे सगळे आयुष्य दाबात गेले. मुठीत मावेल अशी धातूची डबी. आत दोन हिरे, टोकाला टोक. मधे हायड्रोजन मुरवलेल्या धातूचा कण. स्क्रू आवळून दाब वाढवायचा, मग द्रव हेलियमने गार करायचे. जमले तर त्या कणातून वीज कुठेही न अडता वाहते. रोध शून्य.

“मग मिळतं काय?” मी विचारले.

“सांगितलं ना शेठ, शून्य.”

“शून्यासाठी अकरा वर्षं? डॉक्टर, तुम्हाला खरेदीला एकटं सोडता कामा नये.”

ते खदखदून हसले. डबी आवळून तयार होती, फक्त हेलियम येत नव्हते. अर्जावर अर्ज चालले होते. तेवढ्यात नागपूरहून त्यांना बायकोच्या आजारपणाचा फोन आला आणि ते रजेवर गेले.

त्याच आठवड्यात मी त्यांच्या प्रयोगशाळेच्या लिलावात भंगाराचे पोते उचलले. प्लॅटिनमच्या तारांसाठी. दुकानात कारागीर एक डबी पान्याने उघडायला लागला. तिच्यावर चिठ्ठी होती, अक्षर मेश्रामांचे: ‘सैल करू नये.’ मी असा ओरडलो की त्याच्या हातून पानाच पडला.

मेश्राम परतले तेव्हा डबी त्यांच्यासमोर ठेवली. वाटले, आता चिडतील. त्यांनी भिंग काढले, स्क्रूवरच्या खुणा एकेक करून पाहिल्या. “हललेला नाही,” म्हणाले. मग भिंग पुसून खिशात ठेवले.

“मंदानं दवाखान्यात विचारलं, आलं का हो तुमचं शून्य? मी म्हटलं, आलं. हसली, शेठ. दुसऱ्या दिवशी गेली.”

मी डबी त्यांच्याकडे सरकवली.

“आता ते आलंच पाहिजे,” ते म्हणाले आणि हेलियमसाठी नवा अर्ज लिहायला बसले.

मेश्राम भांडणार नाहीत. मी भांडणार आहे. कंडमच्या यादीवर सही करणाऱ्या साहेबांनी लेखी सांगावे: बायकोच्या उशाशी बसलेल्या माणसाचे टेबल कोणाच्या हुकमाने उपसले? आणि हेलियम कोणत्या तारखेला देता?