शरदरावांची बिनतोंडाची मोटरसायकल

शेजारच्या वसुधाला आठ महिने इडल्या करता आल्या नव्हत्या, कारण तिच्या इडलीपात्रात नटबोल्ट होते. एका खळग्यात एकच बोल्ट. दोन एकत्र ठेवायचे नाहीत, अशी तिच्या नवऱ्याची, शरदरावांची सक्त ताकीद. "एकत्र ठेवले की संगनमत करतात," ते म्हणत. "मग कोण कुठला होता, एकही कबूल करत नाही."

शरदराव ह्यूस्टनच्या एका कंपनीत पाइपलाइनचे जोड तपासतात. पंचवीस वर्षं दुसऱ्याच्या कामात खोट काढण्याचा पगार घेतलेला माणूस घरी येऊन वेगळं काय करणार? दुधावरची तारीख, हवामानाचा अंदाज, मंडळाच्या गणपतीतली पावभाजी, सगळ्यावर त्यांचा एकच शेरा: "यात गोम आहे." ते ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडला आमच्या शेजारी राहायला आले तेव्हा मी ढोकळा घेऊन गेले होते. डबा हातात घेण्याआधी त्यांनी विचारलं, "वहिनी, काही काम होतं का?" काम होतं. त्यांच्या झाडाची फांदी आमच्या छपरावर घासत होती.

त्यांचा विश्वास होता तो फक्त त्यांच्या लांब पल्ल्याच्या अवजड मोटरसायकलवर. दर रविवारी वसुधाला मागे बसवून ते गॅल्व्हस्टनला समुद्रावर जात. बरोबर बापट आणि आणखी दोघं मराठी मोटरसायकलवाले. २००६च्या फेब्रुवारीत शरदरावांनी अचानक गाडीचं फेअरिंग, म्हणजे वारा अडवणारं ते पुढचं प्लास्टिकचं तोंड, उतरवलं. हँडलबरोबर वळणारं जुनं नको, सांगाड्याला पक्कं बसणारं रुंद हवं. नेटवरून कोणाचं तरी वापरलेलं मागवलं. काम दोन शनिवारांचं.

ऑक्टोबर उजाडला. कधी हेडलाइट दोन मिलिमीटर खाली बघायचा, कधी वायरचा रंग पुस्तकातल्या रंगाशी जुळायचा नाही. एक पट्टी तर त्यांनी तीनदा परत पाठवली. बापट रविवारी गॅरेजसमोर थांबून विचारायचे, "काय शरद, नवरदेवाला मुंडावळ्या कधी बांधणार?"

"तुला एवढी घाई का?" शरदराव डोळे बारीक करून म्हणायचे. "यात गोम आहे."

एका शुक्रवारी वसुधा माझ्याकडे आली. खुर्चीत बसलीसुद्धा नाही.

"मीना, हे फेअरिंगचं नाहीये. त्याला मला मागे बसवायचं नाहीये."

"ते तसं म्हणाले?"

"म्हणाला असता तर भांडले असते. आठ महिने एक माणूस एक प्लास्टिक बसवतो? तू जा ना. तू बरोबर काढून घेशील."

मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. माणूस सांगतो एक आणि नळीत दिसतं दुसरंच, हे रोजचं. दुसऱ्या दिवशी सकाळी गेले.

गॅरेजचं दार अर्धं वर होतं. वाकून आत शिरले, तर गाडी तोंडासकट उभी. काच पुसलेली, आरसे बसवलेले, इडलीपात्र रिकामं. शरदराव स्टुलावर नुसते बसले होते. मला पाहिलं आणि पाना उचलून एक बोल्ट सोडवायला लागले.

"तो घट्ट होता," मी म्हटलं.

"घट्ट दिसतो, वहिनी. त्यातच तर—"

"गोम तुमच्यात आहे. गाडी कधी पूर्ण झाली?"

त्यांनी बोल्ट खळग्यात ठेवला. "पहिल्यांदा मार्चमध्ये."

"पहिल्यांदा?"

"मग जूनमध्ये. आणि आता मंगळवारी."

त्यांनी रंगाच्या डब्यांमागून डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली काढून माझ्या हातात दिली. काचबिंदू. समोरचं नीट दिसतं, दोन्ही कडा गेलेल्या. मोटरसायकल डॉक्टरांनी बंद केली होती. ऑफिसलाही ते एका सहकाऱ्याच्या गाडीतून जात होते आणि घरी पेट्रोल महागल्याचं सांगत होते.

"जानेवारीच्या शेवटच्या रविवारी गॅल्व्हस्टनहून येताना डावीकडून ट्रक आला," ते म्हणाले. "मला दिसला तेव्हा माझ्या कोपराशी होता. वसुधा मागे. गाणं म्हणत होती. तिला कळलंसुद्धा नाही."

"मग सांगत का नाही तिला?"

"खोललेली गाडी का चालवत नाही, असं कोणी विचारत नाही, वहिनी."

"तिला वाटतंय, ती तुम्हाला मागे नकोय."

हे त्यांच्या कुठल्याच तपासणीत आलं नव्हतं. त्यांनी पाना खाली ठेवला.

"बारापर्यंत तुम्ही सांगा," मी म्हटलं. "नाहीतर मी सांगेन."

"ही धमकी आहे."

"हो."

पावणेबाराला ते आत गेले.

संध्याकाळी वसुधा आली. डोळे सुजलेले, पण आवाज ठणठणीत. "तो ट्रक मी पाहिला होता गं. भीतीनंच गाणं म्हणायला लागले, जोरजोरात. मग आठवड्याभरात त्यानं गाडी खोलली. मला वाटलं, माझ्या गाण्याला कंटाळला." ती हसली आणि लगेच म्हणाली, "मला फ्रीवेवर कार चालवायला शिकव." तोवर तिची धाव वाणसामानाचं दुकान आणि देऊळ एवढीच.

पहिल्यांदा फ्रीवेवर चढलो तेव्हा तिच्या शेजारी मी होते, शरदराव मागे. वसुधाचं तोंड चालू होतं. "शरद, डावीकडे पांढरी व्हॅन. आता उजवीकडे घोड्यांचा ट्रेलर."

"दिसला," मागून आवाज यायचा. प्रत्येक वेळी, न चुकता.

मला संशय आला म्हणून मी मागे वळून पाहिलं. ते खिडकीबाहेर बघतच नव्हते. वसुधाच्या मानेकडे बघत बसले होते.