शेठचा झोपाळा आणि झुलाल मिस्तरी

फिरणारी कुठलीही वस्तू दिसली की झुलाल मिस्तरीला तिला पट्टा जोडावासा वाटे. सारंगखेड्याच्या यात्रेत नाचणारा घोडा पाहूनही तो हळहळला होता, एवढी ताकद फुकट चालली म्हणून.

साठ सालाच्या आगेमागे शहाद्याजवळच्या एका जिनिंग फॅक्टरीत तो फिटर होता आणि मी कापूस मोजून घेणारा कारकून. मुंबईच्या मेकॅनिकने ज्याच्यापुढे हात टेकले ते ऑइल इंजिन त्याने एकदा सुरू करून दाखवलं. शेठ इतके खूश झाले, की बाजाराच्या दिवशी दुपारनंतर फॅक्टरी बंद असते तेव्हा मागच्या शेडमध्ये भंगारातून हवं ते बनव, असं सांगून बसले. पुढे त्यांना याचा फार पश्चात्ताप झाला.

आधी मिरची कुटायचं यंत्र झालं. एका कामाच्या दिवशी त्याने ते इंजिनाला जोडलं, आणि चाललंही झकास. फक्त वारा आमच्या दिशेचा होता. कामावरच्या झाडून साऱ्या बायका एकदम शिंकल्या आणि कापूस असा उडाला की मुनीमजी बराच वेळ सापडेनात. मी हसलो, तर मिस्तरी म्हणाला, "पयले फिरू दे, मंग हास." आता ते फिरलं होतं म्हणूनच तर मी हसत होतो.

मग शेठच्या झोपाळ्याची पाळी आली. शेठ त्यावर बसून कळसाडीच्या शेतकऱ्यांशी भावाचं बोलत असताना मिस्तरीने झोपाळ्याला इंजिनाचा पट्टा चढवला. शेठ पुढे आले की अर्धा आकडा ऐकू येई, मागे गेले की नुसता वारा. टोपी केव्हाच उतरली, शेठ मात्र उतरेनात.

जमिनीला पाय लागताच त्यांनी फर्मान काढलं. होळीपर्यंत फॅक्टरीच्या उपयोगाचं एक तरी यंत्र दाखव, नाहीतर शेडला कुलूप. मिस्तरी दोन दिवस धड जेवला नाही. मला खरंच वाईट वाटलं.

होळीच्या आदल्या दिवशी त्याने एका रेच्याला, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या यंत्राला, हलती फळी बसवली. कापूस फळीवर टाकला की आपोआप सरकत रुळांत जाई. कापूस घालणाऱ्या बाईला हात रुळांजवळ न्यावाच लागत नव्हता. चालवून कोण दाखवणार, असं शेठनी विचारलं. मिस्तरीने दाराशी उभ्या असलेल्या आपल्या बायकोला, चंद्राबाईला, पुढे बोलावलं. मी तिला पहिल्यांदाच पाहत होतो. तिने पदराआडचा उजवा हात काढला. त्याला दोनच बोटं होती. मी नोकरीला लागण्याआधी, बाकीची याच रेच्यावर गेली होती.

ती बसली आणि कापूस टाकू लागली. एरवी इंजिनापेक्षा जास्त बोलणारा मिस्तरी तिच्या हातावर नजर रोखून उभा होता. इतके दिवस त्याला हसलो याची मला लाज वाटली. शेठनी वाकून तिचा हात आणि रूळ यांतलं अंतर पाहिलं. मग म्हणाले, शेड तुझीच, साऱ्या रेच्यांना अशी फळी बसव.

"बसाडसू," मिस्तरी हळूच म्हणाला. "पन बारा वरीस उशीर व्हई गया, शेठ."

चंद्राबाईने मान वर न करता त्याला आणखी कापूस आणायला सांगितलं, आणि तो टोपली घेऊन धावत सुटला.